पडणाऱ्याचं आमंत्रण

दिनांक १३ डिसेंबर २०१९, शुक्रवार, सकाळ. ठिकाण: धुळे, देवपूर, सरांच्या घराचा पुढचा ओटा. हजर: सर, काकू, शेजारचे शेठ आणि मी. गैरहजर: सरांचा मुलगा नंदू. तो त्या वेळी इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका गावी मतमोजणीच्या हॉलमध्ये उभा होता, आणि मोजली जात होती ती त्याचीच मतं.

माझा लॅपटॉप स्टुलावर ठेवला होता. थंडी चांगलीच होती, पण आत जाऊन बसू असं कोणी म्हणत नव्हतं. काकूंनी चहा दिला, तो तसाच गार झाला. पडद्यावर इंग्लंडचा नकाशा होता आणि त्यातले तांबडे ठिपके एकेक करून निळे होत होते. शेठ दर ठिपक्याला विचारत, "हा आपला?" मी म्हणे, "नाही, अजून नाही." सरांनी दाढी केली होती, स्वेटरची सगळी बटणं लावली होती आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन ते बसले होते. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर वाटायच्या आधी मुलं बसतात तसे.

सरांवर लिहायचं तर मला ही सकाळ आधी लिहावी लागते. पुढचं क्रमाने येईलच असं नाही.

सर आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. मी ऑफिसात होते, अजूनही आहे. हजेरी घेताना ते फक्त गैरहजर मुलांची नावं वाचत. "आलेल्यांना माहीत आहे ते आलेत," असं त्यांचं म्हणणं. कुणाच्या लग्नाला जात नसत, सांत्वनाला मात्र सगळ्यांच्या आधी पोचत. निवडणुकीत कुणी निवडून आला की ते "जिंकला" म्हणत नसत, "वाचला" म्हणत. पेपरात सत्काराचा फोटो आला की भिंग घेऊन बसत. मला बोलावून दाखवत, "मॅडम, खुर्चीवर बसलेला कॅमेऱ्याकडे बघतोय. मागे उभा आहे तो बघा. तो खुर्चीकडे बघतोय. हाच पुढचा." त्यांचं एक वाक्य अख्ख्या धुळ्याला पाठ होतं: "निवडणुकीत लोक पाडतात. खुर्ची मात्र आपलेच काढतात."

पण सर गावाला ठाऊक होते ते बट्टीमुळे.

निवडणूक कोणतीही असो, महापालिकेची, जिल्हा परिषदेची, बाजार समितीची, नाहीतर आमच्या सेवक संघाची, निकालाच्या दिवशी सर एका माणसाला घरी जेवायला बोलवत. पडलेल्या माणसाला. बेत ठरलेला: वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, वर तूप. "निवडून आलेल्याला जेवू घालायला सगळं गाव आहे," सर म्हणत. "पडलेल्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही."

इथवर ठीक होतं. लोक घाबरत ते दुसऱ्याच गोष्टीला. सरांचं आमंत्रण मतदानाच्या आधी जायचं. मी एकदा म्हटलंही, "सर, निकाल लागू द्या ना. मग बोलवा." सर म्हणाले, "निकालानंतर बोलावलं तर ती दया होते, मॅडम. आधी बोलावलं तर ते आमंत्रण."

आणि ते आमंत्रण चुकत नसे. म्हणून उमेदवार सरांच्या घरापेक्षा आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर लक्ष ठेवत. बट्टीला गव्हात थोडा मका घालून जाडसर पीठ दळावं लागतं. त्यासाठी गिरणीवाल्याला दगड सैल करावे लागतात, तोवर रांगेतल्यांना थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस विचारतोच की कोणाचं दळण. काकू डबा घेऊन गिरणीत शिरल्या की दोन्ही पक्षांची माणसं मोटरसायकली सुरू करून आपापल्या साहेबांकडे धावत.

सोनगीरकडचा एक उमेदवार तर थेट ओट्यावर येऊन हात जोडून उभा राहिला. "सर, माले बट्टी पचत नही. पित्त व्हस."

सर शांतपणे म्हणाले, "तूप जास्ती वाढसूत."

तो पडला. जेवायलाही आला. तिसरी बट्टी कुस्करताना रडला, आणि चौथी मागून घेतली. या जेवणांच्या सामानाची यादी माझ्याकडे असे, म्हणून मला माहीत आहे की आलेला माणूस कधी उपाशी परतला नाही.

सरांचं गणित शेंगदाण्यांवर चाले. मोठी थाळी घ्यायची, भाग पाडायचे, मतं म्हणून दाणे मांडायचे. त्यात शेठांची अडचण. शेठ मूळ राजस्थानचे, किराण्याचे ठोक व्यापारी, आणि समोर दाणे दिसले की त्यांचा हात जाई. "शेठ, ती पाच नंबर वॉर्डातली मतं आहेत!" सर ओरडत. शेठ चावता चावता म्हणत, "प्रोफेसरसाहेब, एवढी मतं तर बोगसच असतात."

ब्रेक्झिट आमच्या ओट्यावर आलं ते २०१६च्या जूनमध्ये. धुळ्यात तेव्हा कोणतीच निवडणूक नव्हती, आणि काकू डबा घेऊन गिरणीत गेल्या. गावात खळबळ. संध्याकाळपर्यंत दोन माजी नगरसेवक विचारून गेले की पोटनिवडणूक लागली का. सरांनी सांगितलं, "इंग्लंडचे पंतप्रधान येणार आहेत जेवायला."

सर आयुष्यभर इंग्लंडची राज्यघटना शिकवत आले होते. त्यांनी थाळीत दाणे मांडून दाखवलं. तिथल्या निळ्या पक्षात युरोपात राहायचं की बाहेर पडायचं यावरून जुनं भांडण होतं. पंतप्रधानांनी ते घरात मिटवायचं सोडून देशभर मत मागितलं. त्यांना वाटलं, लोक राहू म्हणतील आणि घरातल्यांची तोंडं बंद होतील. "स्वतःच्या घरातलं भांडण गावाकडून मिटवून घ्यायला गेला," सर म्हणाले, "गाव भांडण मिटवत नाही. गाव घर बघून घेतं."

शुक्रवारी निकाल आला. बाहेर पडायचं ठरलं. दुपारी आमची जेवायची वेळ झाली तेव्हा पंतप्रधान त्यांच्या दारासमोर उभे राहून राजीनाम्याचं बोलत होते. काकूंनी खरोखर एक ताट जास्तीचं वाढलं होतं. ते शेवटी शेठांनी संपवलं. "मी पडलो नाही, पण तूप वाया जाऊ देणार नाही," असं म्हणून.

त्यानंतर सर अस्वस्थच झाले. इंग्लंडात सरकार स्थिर असतं, पंतप्रधान आपल्या पक्षाला मुठीत ठेवतो, असं त्यांनी कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. आता जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की ते त्यांना थांबवत. एस.टी. स्टँडवर एका कंडक्टरला गाडी सुटायच्या वेळी गाठून म्हणाले, "तुझ्या वहीत ब्रिटनमधल्या स्थैर्यावर एक परिच्छेद आहे. तो खोड."

"सर, वही कधीच रद्दीत गेली."

"मग डोक्यातून खोड," सर म्हणाले आणि स्वतःच घंटी मारून गाडी सोडली.

नव्या पंतप्रधान बाईंनी हात बळकट करायला म्हणून मुदतीआधीच निवडणूक घेतली आणि होतं ते बहुमतही घालवलं. सर म्हणाले, "गाठीला बांधलेलं सोनं किती भरतं ते बघायला पुन्हा बाजारात नेऊ नये." पुढे बाईंनी युरोपशी केलेला करार संसदेत तीनदा पडला. "एकच भाजी तीनदा गरम करून वाढली," काकू म्हणाल्या, "कोण खाणार?" बाईंनाही त्यांच्याच लोकांनी जायला लावलं. मग पिंगट केसांचा एक नेता आला, ज्याच्याकडे एकच गोष्ट होती: उरकून टाकू. आणि समोर तांबड्या पक्षाचा म्हातारा नेता. त्याच्या खासदारांना तो नको होता, सभासदांना हवा होता, आणि ब्रेक्झिटचं विचारलं तर तो ना हो म्हणे ना नाही. सर म्हणत, "हा मांडवात बसलाय. पण मुलाकडचा की मुलीकडचा, ते जेवण झाल्यावर सांगणार म्हणतो."

हे सगळं आम्ही हसत ऐकत होतो. मग २०१९च्या हिवाळ्यात निवडणूक लागली आणि तांबड्या पक्षाने नंदूला खासदारकीचं तिकीट दिलं.

नंदूबद्दल थोडक्यात. धुळ्यात शिकला, डॉक्टर झाला, इंग्लंडला गेला. ज्या गावात दवाखाना, तिथल्या कापडगिरण्या केव्हाच बंद पडलेल्या. आधी नगरसेवक झाला, मग तिथल्या तांबड्या नगरसेवकांचा नेता. जागा पिढ्यान्‌पिढ्या तांबड्यांची. पण गावाने २०१६ला भरभरून बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं, आणि नंदू उघडपणे सांगत होता की हे चुकलं, लोकांना पुन्हा एकदा विचारा. पेशंट त्याला तोंडावर म्हणत, "डॉक्टर, गोळ्या तुमच्या घेऊ, मत तुम्हाला नाही."

त्याच्या तिकिटाची बातमी आली तेव्हा ओट्यावर आम्ही पेढे खाल्ले. सरांनी अर्धाच खाल्ला. त्यानंतरचे काही आठवडे कुणीही त्यांना विचारलं नाही की नंदूचं काय होईल. काकूंनी तर शेंगदाण्यांचा डबाच वरच्या फळीवर ठेवून दिला.

मतदानाच्या आदल्या रविवारी सरांनी तो स्वतः स्टुलावर चढून काढला. त्यांनी थाळी मांडली तेव्हा मी आणि शेठ दोघंही होतो. गेल्या खेपेला तांबड्यांना मिळालेली मतं एका बाजूला, निळ्यांची दुसऱ्या. मग सरांनी तांबड्यांच्या ढिगातून बाहेर पडू म्हणणारे दाणे निवडून वेगळे केले आणि सावकाश निळ्यांकडे सरकवले. राहू म्हणणाऱ्यांपैकी थोडे तिसऱ्याच पक्षाकडे गेले. निळ्यांचा ढीग एकसंध झाला. तांबड्यांचे दोन ढीग, दोन्ही लहान.

शेठांचा हात थाळीकडे गेला नाही.

"गेला," सर म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी मूठभर दाणे निळ्यांकडून परत आणून ठेवले. "गावाचा कौल मला मान्य आहे, बाहेर पडू या, असं हा जाहीर बोलला तर इतके परत येतात. मग वाचतो. अगदी काठावर, पण वाचतो."

"मग सांगा ना त्याला," शेठ म्हणाले.

"विचारलं तर सांगेन. उमेदवाराने विचारल्याशिवाय सांगायचं नाही."

"अहो, उमेदवार कुठला? पोरगा आहे तुमचा."

सरांनी दाणे मोडले नाहीत. थाळीवर फडकं टाकून ती कोनाड्यात ठेवली.

आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी घोळ घातला. जळगावजवळ असोद्याला काकूंचं माहेर. तिथे त्यांच्या भावाच्या नातवाचं बारसं होतं आणि बट्टीचं पीठ नेहमीप्रमाणे काकूंकडून जायचं होतं, कारण त्यांच्यासारखं मिश्रण कुणाला जमत नाही असं त्यांच्या माहेरी सगळे मानतात. काकू गहू-मका घेऊन गिरणीत गेल्या. या दळणाचा कुणी काय अर्थ लावेल हे बारशाच्या गडबडीत त्यांच्या डोक्यातच नव्हतं. रांगेतल्या लोकांच्या डोक्यात होतं. गिरणीवाल्याने दगड सैल केले आणि रांग एकदम गप्प झाली. काकू मला नंतर म्हणाल्या, "मला वाटलं कुणाचं काही वाईट झालं की काय. सगळे माझ्याकडे असं बघत होते."

मी लगेच त्यांच्याकडून बारशाची खात्री करून घेतली आणि गिरणीत जाऊन सगळ्यांना सांगितलं की हे दळण असोद्याचं. लोक "हो हो" म्हणाले. एकानेही विश्वास ठेवला नाही. गल्लीतल्या कुणाचा तरी जावई इंग्लंडात होता. त्याला फोन गेला, त्याने नंदूला मेसेज केला: काळजी घे, तुझ्या घरच्या दळणाला गिरणीचे दगड सैल झाले.

नंदूचा फोन आला तो मतदानाच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी. सरांना कमी ऐकू येई म्हणून फोन नेहमीच मोठ्या आवाजावर ठेवलेला. ओट्यावर आम्ही तेच होतो. काकू दारात, हात पिठाचे.

"अप्पा, पीठ दळलं म्हणे."

"असोद्याला बारसं आहे. तुझ्या मामाच्या नातवाचं."

"खरंच?"

"आईला विचार."

"राहू द्या. पिठाचं सोडा." नंदूचा आवाज खूप दमलेला होता. मागे माणसं बोलत होती, कुणीतरी दार लावलं. "तुम्ही दाणे मांडलेच असतील."

"मांडले."

"मग ऐका. माझी माणसं पत्रक तयार करून बसलीत. गावाचा निर्णय मला मान्य, बाहेर पडू या, पुन्हा मत मागणार नाही. मी हो म्हटलं की आज घरोघरी जाईल. अप्पा, साडेतीन वर्षं मी दवाखान्यात, गल्लीत, सभेत सांगतोय की यात तुमचंच नुकसान आहे. शिव्या खाऊन सांगतोय. आता मी... पण ही जागा माझ्या हातून गेली तर इथले पक्षाचे लोक मला माफ करणार नाहीत."

सर म्हणाले, "मग विचार काय?"

"विचार तुमच्यावर सोपवलाय. तुमचं आजवर चुकलेलं नाही. तुम्ही म्हणालात मी पडतोय, तर पत्रक काढतो. तुम्ही म्हणालात येतोय, तर फाडून टाकतो आणि झोपतो. सांगा."

मी सरांकडे बघत होते. कोनाड्यातली थाळी त्यांच्या पाठीमागेच होती. "पडतोस" एवढंच म्हणायचं होतं. पुढचं सगळं सरळ होतं: पत्रक, मूठभर मतं परत, जागा वाचली. आयुष्यभर परक्या माणसांना तो शब्द त्यांनी न अडखळता सांगितला होता.

शेठांनी डोळ्यांनी खुणावलं: सांगा.

"पत्रक फाड," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"येशील निवडून."

"नक्की?"

"मी कधी चुकलोय?"

नंदू हसला. लहानपणी सायकलवरून पडता पडता सावरला की हसायचा तसा. "बस्स, अप्पा. एवढंच हवं होतं." फोन बंद झाला. काकू लगेच देवाजवळ साखर ठेवायला आत गेल्या.

शेठ उठून दबक्या आवाजात म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, ये क्या किया? तुम्ही पोराला बुडवलं!"

सरांनी कोनाड्यातली थाळी काढली, दाणे डब्यात ओतले आणि डबा माझ्या हातात दिला. मी काही विचारणार तोच म्हणाले, "मॅडम, हे कुठे लिहून ठेवू नका." मग आमच्याकडे पाठ करून, ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. सर अहिराणी बोलत ती खेड्यातून आलेल्यांशी, आमच्याशी कधीच नाही. त्या संध्याकाळी बोलले.

"पोऱ्याले बाप पाहिजे व्हता. मास्तर नही."

म्हणून शुक्रवारची ती सकाळ मी आधी लिहिली. चौघांपैकी तिघांना निकाल माहीत होता. दाणे मांडले तेव्हा काकू नव्हत्या. त्या देवाजवळ जात, परत येत आणि विचारत, "येईल ना हो? तुम्ही म्हणालात ना?" सर म्हणत, "बघू." उत्तरेतली जुनी गिरणगावं एकामागून एक निळी होत होती, जिथे निळ्यांना कधी कुणी विचारलंही नव्हतं. तिथल्या तज्ज्ञांना धक्का बसला होता. सरांना नव्हता. दाणे रविवारीच तसे सरकले होते.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा फोन वाजला. सरांनी तो दोनदा वाजू दिला.

"अप्पा, गेलो."

"हं."

"थोडक्यात गेलो. पण गेलो." मागे टाळ्यांचा आवाज होता, दुसऱ्या कुणासाठी. मग नंदू जे बोलला त्याची आमच्यापैकी कुणीच तयारी केली नव्हती. "अप्पा, तुमचं पहिल्यांदाच चुकलं. मनाला लावून घेऊ नका हं. इथे भल्याभल्यांचं चुकलंय."

शेठांनी तोंडावर मफलर धरला.

"हो रे," सर म्हणाले. "म्हातारा झालो."

"पत्रक काढलं नाही ते बरं झालं. काल शांत झोपलो. तुमच्यामुळे."

"काही खाल्लंस?"

"अप्पा, इथे अजून उजाडलं नाही."

"तरी खाऊन घे."

त्या दिवशी घरात बट्टी झाली नाही. आमंत्रण गेलंच नव्हतं, आणि निकालानंतर सर कुणाला बोलवत नसत. काकूंनी मुगाची खिचडी टाकली. ती जेवताना सर एकदाच म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि उठले.

सरांचं गणित चुकलं, ही बातमी धुळ्यात दुपारपर्यंत पसरली. ज्याला बट्टीने पित्त होत असे, तो सोनगीरकडचा उमेदवार पेढे घेऊन आला. "सर, आते आम्हीन निवांत!" सरांनी पेढा घेतला. शेठ संतापले होते. रस्त्यावर उभं राहून सांगतो म्हणाले, सरांना सगळं माहीत होतं, दाणे मी पाहिलेत. सर म्हणाले, "सांगा. पण मग या ओट्यावर येऊ नका." शेठ तोंड मिटून रोज येत राहिले. पुढच्या निवडणुकीत सरांनी एका माणसाला आमंत्रण पाठवलं. त्याने उलट निरोप दिला की सर, आता तुमच्या आमंत्रणाने निवडूनच येईन बहुतेक. तो पडला, पण जेवायला आला नाही. त्यानंतर सरांनी कुणाला बोलावलं नाही. गिरणीवर लक्ष ठेवणंही बंद झालं.

नंदूच्या नगरपालिकेतल्या तांबड्या नगरसेवकांनी पुढच्या उन्हाळ्यात बैठक घेऊन त्याला नेतेपदावरून काढलं. त्याच्या जागी त्याचाच उपनेता आला. सरांनी मला एक जुना फोटो दाखवला. नंदू खुर्चीवर, हसतोय, कॅमेऱ्याकडे बघतोय. मागे उपनेता. भिंगाची गरज नव्हती.

लंडनमध्येही तेच चाललं होतं. ज्याने एवढं बहुमत आणलं त्या पिंगट केसांच्या नेत्यालाही त्याच्याच मंत्र्यांनी राजीनामे देऊन घालवलं. नंतरच्या बाई गणपतीत आल्या आणि दिवाळीच्या फराळाआधी गेल्या. मग भारतीय वंशाचा पंतप्रधान झाला तेव्हा शेठांनी दुकानावर पेढे वाटले. "आता हा किती दिवस, साहेब?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "मला कशाला विचारता? माझं चुकतं." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की काकू आतून बाहेर आल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, काकूंना त्या क्षणी कळलं.

त्यानंतरच्या एका थंडीत सर गेले. २०२४च्या जुलैत इंग्लंडभर तांबडे आले ते त्यांनी पाहिलं नाही. नंदूच्या गावची जागाही तांबड्यांकडे परत आली. उमेदवार तो उपनेता होता.

आता कॉलेज सरांच्या आठवणींची सभा घेत आहे आणि एक स्मरणिका काढत आहे. काम माझ्याकडे आहे. हॉल मिळाला. माईकवाल्याला सांगितलं. हार, फोटो, अध्यक्षांचं पत्र, पाहुण्यांचा चहा, सगळं झालं. सरांकडे जेवलेल्या पडलेल्या उमेदवारांना शेठांनी स्वतः फोन केले. बहुतेक जण येणार आहेत. नंदू इंग्लंडहून येतोय. तोच शेवटी बोलणार.

काय बोलणार, ते त्याने परवा फोनवर सांगितलं. "ताई, मी फक्त त्या निवडणुकीचं सांगणार आहे. इथे माझ्या पक्षाला वाटत नव्हतं मी येईन. माझ्या स्वतःच्या माणसांना वाटत नव्हतं. मलाही नव्हतं वाटत. एकट्या अप्पांना वाटलं. आयुष्यात एकदाच त्यांचा हिशेब चुकला, कारण माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता. ताई, पुढे नेतेपद गेलं, तिकीट गेलं, तेव्हा मी त्याच एका गोष्टीवर उभा राहिलो."

मी "बरं" म्हटलं.

शेठांना हे सांगितलं तेव्हा ते भडकले. "हॉलमध्ये सगळे ते बट्टी खाल्लेले बसणार, आणि त्यांच्यासमोर पोरगा उभा राहून सांगणार की साहेबांचं चुकलं? आणि आपण दोघं ऐकत बसायचं? साहेबांचं एकही चुकलेलं नाही, मॅडम. तुम्हाला माहीत आहे."

काकूंनी भाजी निवडता निवडता ऐकलं. "त्याला सांगाल तर त्याच्याकडे काय उरेल?" एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण यांच्याकडे तरी काय उरलं?"

दोघांचंही खरं आहे. मी दोन दिवस बसून हे लिहून काढलं. स्मरणिकेचा बाकीचा मजकूर छापखान्यात गेला आहे. माझ्या लेखासाठी त्यांनी जागा मोकळी ठेवली आहे आणि सकाळपासून दोनदा फोन करून विचारलं आहे. मी त्यांना अजून काही कळवलेलं नाही.